पेल्यातला फेस आणि नदीतला फेस

शनिवार उजाडला की मावळच्या रस्त्यांना पूर येतो, पाण्याचा नव्हे, मोटारींचा. मुंबईकर घाट चढून येतात, पुणेकर सोमाटणे फाटा ओलांडून येतात आणि लोणावळा, कार्ला, पवनानगरकडे पांगतात. पूर्वीचा पाहुणा चिक्कीचा पुडा, भुशीचे पाणी आणि कांदाभजी एवढ्यावर खूश होऊन परतायचा. आता त्याची चैन बदलली आहे. पवनेच्या काठावर तंबू आले, शेतघरे भाड्याने जाऊ लागली. आणि याच शहरी मंडळींमध्ये गेल्या पंधरा वर्षांत आणखी एक छंद रुजला आहे, तो म्हणजे लहान भट्टीतली ताजी बिअर चाखत गावोगाव फिरण्याचा. तिला ते क्राफ्ट बिअर म्हणतात. पुण्या-मुंबईत तिचे मेळेही भरतात. शेतकरी बंधू म्हणतील, या चोचल्यांशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो वेळेवर ओळखला नाही तर वरातीमागून घोडे नाचवायची वेळ येईल, म्हणून हा विषय आज या पानावर घेतला आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. बिअर म्हणजे जव, ज्याला आपल्याकडे सातूही म्हणतात, त्याला मोड आणून, वाळवून, भरडून, गरम पाण्यात भिजवून काढलेला गोड रस. आपल्या घरी नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्यातलाच पहिला भाग. हा रस हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळतात, निववतात आणि यीस्टने आंबवतात. मोठ्या कारखान्यात हेच काम लाखो लीटरच्या हिशेबाने आणि एकाच ठरावीक चवीचे होते. लहान भट्टीवाला हजार-पाचशे लीटरचा घाणा लावतो, कधी गहू घालतो, कधी मध, कधी एखादे फळ. महाराष्ट्रात अशी पहिली भट्टी २००९ साली पुण्यातच, कोरिंथियन्स क्लबच्या आवारात, 'डूलाली' या नावाने सुरू झाली. पुढे मुंढव्यात 'इंडिपेंडन्स' आली, आणखी काही आल्या. २०१८ च्या सुमारास पुण्याच्याच तरुणांनी 'मूनशाईन' नावाने मध आंबवून पेय करण्याचा उद्योग उभा केला. थोडक्यात, या धंद्याचे महाराष्ट्रातले माहेर पुणे जिल्हाच आहे.

या छंदातल्या खऱ्या शौकिनाची एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. तो ढोसायला बसत नाही. चार-पाच छोटे पेले पुढे ठेवून घोट-घोट चाखतो, वास घेतो, रंग बघतो आणि भट्टीवाल्याला विचारतो, हे धान्य कुठले, पाणी कुठले, हे फळ कोणी पिकवले? हा प्रश्न शहरातला माणूस दुधाबद्दल विचारत नाही, भाजीबद्दल विचारत नाही, पण इथे विचारतो आणि उत्तर आवडले तर दोन पैसे जास्त मोजतो. आमच्या मते शेतकऱ्याच्या कामाचे या सगळ्यात एवढेच आहे. बाकी फेस आहे.

मग तोच प्रश्न आपणही विचारू. पुण्या-मुंबईच्या पेल्यात आपल्या शिवारातले काय असते? जव येतो राजस्थान, हरियाणा, पंजाबाकडून. उंची माल्ट जर्मनी-बेल्जियमहून बोटीने येतो. हॉप्स बहुतेक परदेशी. आपल्या देशात ते हिमाचलात लाहौलला आणि काश्मिरात थोडेफार होतात. मावळात हा धंदा किंवा त्याचे मेळे आले तर आजच्या रीतीने मावळकडून घेण्यासारख्या गोष्टी तीनच, जागा, पाणी आणि रस्ता. म्हणजे ज्याचा मोबदला कोणी सहसा मोजत नाही अशाच.

पाण्याची गोष्ट मावळला नव्याने सांगायला नको. वळवण, लोणावळा, शिरवता ही टाटांची धरणे आपल्याच डोंगरांत आहेत. आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरतो, वीज करतो आणि पाताळगंगेच्या काठच्या कारखान्यांच्या कामी येतो. त्याच खोपोलीत मोहन रॉकी स्प्रिंगवॉटर नावाचा बिअरचा कारखाना उभा राहिला होता, हे जुन्या मंडळींना ठाऊक असेल. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले. गोळीबार झाला आणि तीन जीव गेले, त्यात एक बाई होती. ज्या तालुक्याने पाण्यासाठी रक्त सांडले, त्याने पाण्याचा हिशेब मागितला तर कोणाला राग यायचे कारण नाही.

पण हिशेब नीट मांडला पाहिजे, भावनेच्या भरात नको. मोठा कारखाना एक लीटर बिअरमागे चार-पाच लीटर पाणी वापरतो. लहान भट्टीला सात-आठही लागते, कारण धुण्या-पुसण्यात बरेच जाते. आठवड्याला हजार लीटरचा एक घाणा लावणारी भट्टी धरली तर सात-आठ हजार लीटर पाणी झाले. म्हणजे दहा हजारांचा एक टँकरही पुरता रिकामा होत नाही. तेव्हा लहान भट्टी गाव कोरडे पाडील अशी भीती घालणे खोटेपणाचे होईल. कारखान्यांची गोष्ट वेगळी. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या दारू-बिअर कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करायला लावली होती.

मावळला खरा धोका भट्टीपेक्षा मेळ्याचा आहे. समजा, एका माळावर दोन दिवसांचा मेळा भरला आणि दहा हजार माणसे आली. माणशी दिवसाला २५ लीटर पाणी धरले तरी रोजचे अडीच लाख लीटर झाले. दोन हजार वस्तीच्या गावाला जलजीवन योजनेच्या माणशी ५५ लीटरच्या हिशेबाने दिवसाला १ लाख १० हजार लीटर लागतात. म्हणजे पाहुण्यांचा एक दिवस आणि गावाचे सव्वादोन दिवस. आणि एवढे पाणी वापरल्यावर ते जाणार कुठे? ओढ्याला. ओढा जाणार पवनेला किंवा इंद्रायणीला. भट्टीचे सांडपाणी दिसायला साधे, पण त्यात साखर आणि यीस्ट असते; ते नदीत सडते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. इंद्रायणी उगम पावते लोणावळ्याजवळ कुरवंड्याला, देहूवरून जाते आणि आळंदीला पोचते तोवर शहरांच्या आणि कारखान्यांच्या घाणीने तिच्या अंगावर पांढरा फेस चढलेला असतो. अलीकडच्या काही वर्षांत वारकऱ्यांनी तो फेस डोळ्यांनी पाहिला आहे. पेल्यातला फेस दोन मिनिटांत विरतो. नदीतला विरत नाही. मावळातून खाली जाणाऱ्या पाण्यात आपली भर पडू नये, एवढी जबाबदारी वरच्या अंगाला राहणाऱ्यांवर येतेच.

मग हे सगळे नकोच म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण जगात जिथे अशा पेयांच्या जत्रा टिकल्या तिथे काय घडले, ते आधी पाहावे. जर्मनीत म्युनिक शहरात जगातली सर्वांत मोठी बिअरची जत्रा भरते. ती सुरू झाली १८१० साली, युवराजाच्या लग्नानिमित्त ठेवलेल्या घोड्यांच्या शर्यतीने. दुसऱ्याच वर्षी, १८११ ला, तिला शेतीचे प्रदर्शन जोडले गेले, जनावरे आली, अवजारे आली. ते प्रदर्शन आजही काही वर्षांच्या अंतराने त्याच मैदानावर भरते. या जत्रेत फक्त म्युनिकच्याच भट्ट्यांची बिअर विकता येते, बाहेरच्यांना मज्जाव. आणि शहराच्या उत्तरेला हालरटाऊ नावाच्या पट्ट्यात हॉप्सचे मळेच मळे आहेत. म्हणजे नाचणारा कुठलाही असो, माल तिथलाच आणि पैसाही तिथेच.

आपल्या शेजारी गोव्यात काजूच्या बोंडांची फेणी होते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा पेय म्हटले. बोंड गोव्याच्या डोंगरातले, भट्टी गावातली, म्हणून मोल गावात राहते. नाशिकला सुला कंपनीने २००८ पासून गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनचा मेळा भरवला. आलेला माणूस वेली बघतो, चाखतो, राहतो. पण या नाण्याची दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी उभारलेल्या इंडेज कंपनीचे एके काळी देशाबाहेर नाव होते. ती कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. त्याच सुमारास मंदी आली, वाइनच्या द्राक्षांना उठाव राहिला नाही आणि अनेकांनी हौसेने लावलेल्या वेली उपटल्या. धडा सरळ आहे. पाहुण्याच्या शौकावर सगळे शेत पेरायचे नसते. बांधावरचे चार पैसे म्हणून त्याकडे पाहावे, पोट त्यावर टांगू नये.

आता मावळकडे विकण्यासारखे काय आहे ते पाहू. पहिले नाव अर्थातच इंद्रायणी तांदळाचे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून हे वाण झाले आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आले. बिअरमध्ये तांदूळ घालणे ही काही नवलाई नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या एकोणिसाव्या शतकापासून घालतात, त्याने बिअर हलकी होते. तांदूळ आधी शिजवून घ्यावा लागतो, मग जवाच्या माल्टमधले घटक त्याच्या पिठाची साखर करतात. गिरणीतली कणीही चालते. पण इथेही स्वप्ने विकू नयेत. हजार लीटरच्या घाण्याला सुमारे २०० किलो धान्य लागते. त्यात पाचवा हिस्सा तांदूळ धरला तर ४० किलो. दर आठवड्याला एक घाणा धरला तर वर्षाला २१ क्विंटलच्या आसपास. एवढा तांदूळ दीड-दोन एकरांत निघतो. म्हणजे एक भट्टी एखाद्या शेतकऱ्याची कणी उचलील, तालुक्याचे भात उचलणार नाही.

कमाई तांदळाच्या पोत्यापेक्षा ताटात जास्त आहे. चाखायला आलेला माणूस जेवतोही. इंद्रायणीचा भात, नाचणीची भाकरी, खर्डा, गावरान कोंबडी, नदीतला मासा, उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे हे त्याला शहरात मिळत नाही. बचत गटाच्या बायांनी असे ताट ठरावीक भावाने लावले तर दारूच्या पैशाला हात न लावता त्या घर चालवू शकतात. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आहे. त्याखाली शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर राहण्याची-जेवणाची सोय करून रीतसर नोंदणी करता येते. पाहुणा चाखो कुठेही, झोपायला आणि जेवायला आपल्याकडे यावा, दारूचे खाते मात्र आपल्या दारात नसावे, हा व्यवहार आम्हाला शहाणपणाचा वाटतो.

दुसरी वस्तू उलट दिशेने येणारी आहे. बिअर गाळून झाली की जवाचा ओला चोथा उरतो. १०० लीटर बिअरला साधारण २० किलो धान्य लागते आणि जवळपास तेवढाच ओला चोथा निघतो. त्यात पाणी तीन चतुर्थांशाहून जास्त, पण कोरड्या भागात प्रथिने वीस टक्क्यांच्या वर. दुभत्या जनावराला हे चांगले खाद्य आहे आणि भट्टीवाल्याला मात्र डोकेदुखी, कारण तो दोन-तीन दिवसांत आंबतो. हजार लीटरच्या एका घाण्याचा चोथा आठ-दहा जनावरांच्या गोठ्याला दोन-तीन दिवस पुरतो. पण जपून. एकदम भरपूर घालू नये. थोड्यापासून सुरू करून वैरणीत मिसळून द्यावा. बुरशी दिसली, वास बदलला की उकिरड्यावर टाकावा, जनावरापुढे नको, बुरशीचे विष दुधात उतरते. पुण्याच्या कडेला गोठे असणाऱ्यांनी जवळच्या भट्टीशी बोलून रोजची उचल ठरवायला हरकत नाही.

एवढे सगळे लिहिल्यावर मुख्य गोष्ट टाळली असे कोणी म्हणू नये. बिअर ही दारूच आहे. तिच्यात मद्यार्क पाच टक्के असो की सात, घरात भांडण लावायला तेवढा पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण तब्येतीला निर्धोक म्हणता येत नाही. चाखणारा शौकीन परत जाईल, पण त्याच्या मागे बाटल्या गोळा करणारा पोरगा गावातला असेल आणि उरलेली बाटली त्याच्याच हाती लागेल. राज्यात २१ वर्षांखालच्याला बिअर आणि २५ खालच्याला कडक दारू देता येत नाही, हा कायदा आहे. मेळ्याच्या गर्दीत तो कोण तपासतो? शिवाय आपला तालुका महामार्गावर बसलेला. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने महामार्गाकडेची दारूची दुकाने हटवायला सांगितली होती. पुढे त्यात सवलती आल्या, पण पिऊन चाक धरणाऱ्याने मरणारी माणसे काही सवलतीने वाचली नाहीत.

म्हणूनच मेळ्याला परवानगी देताना गावाने तो आपली जत्रा समजून निर्णय घ्यावा. गावच्या जत्रेत काय होते? वर्गणी कोणी दिली ते पाटीवर लागते, छबिन्याचा मार्ग ठरतो, कुस्त्यांचा फड कुठे ते ठरते, आणि जत्रा उठल्यावर हिशेब चावडीवर वाचला जातो. बाहेरचा आयोजक मात्र एका जमीनमालकाशी बोलतो, जिल्ह्याच्या ठिकाणाहून कागद आणतो आणि गावाला कळते ते लाउडस्पीकर सुरू झाल्यावर. लोणावळ्याच्या वर अँबी व्हॅलीत २०१३ पासून काही वर्षे संगीताचा मोठा मेळा भरला. २०१६ ला हवेलीत केसनंदला तसाच एक मेळा आला, तिथे झालेल्या खोदाईचा वाद महसूल खात्यापर्यंत गेला. आणि गर्दी आधी, बंदोबस्त मागून झाला की काय होते ते मावळने भुशीला ३० जून २०२४ रोजी आणि कुंडमळ्याच्या पुलावर १५ जून २०२५ रोजी पाहिले. तिथे मेळाही नव्हता, नुसती सुट्टीची गर्दी होती.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील मंडळींना आमचे सांगणे असे की, ना हरकत दाखला मासिक सभेत गुपचूप उरकू नये. तो ग्रामसभेपुढे ठेवावा, शक्यतो आधी महिलांची सभा घेऊन. दाखल्यात अटी लेखी घालाव्यात. पाणी कुठून आणणार, किती टँकर, आणि सांडपाणी ओढ्यात न सोडता कुठे नेणार. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. गाड्या उभ्या करायला जागा आणि परतणाऱ्यांसाठी बस. वयाची तपासणी दारातच. कचऱ्यापोटी अनामत रक्कम, आणि माळ साफ झाल्यावरच ती परत. निम्म्याहून जास्त खाण्याचे गाळे गावच्या बचत गटांना. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये जत्रा, उत्सव आणि करमणुकीवर कर बसवण्याची तरतूद आहे; ती कपाटात ठेवण्यासाठी नाही. आणि लोहगडासारख्या गडाच्या पायथ्याला, ज्याचे नाव २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, तिथे असला मेळा नकोच, हे कोणी वेगळे सांगायला नको.

एवढे करूनही गावच्या बायांना वाटले की नको, तर नको. ज्या बाया पहाटे उठून पाणी भरतात, भाताच्या खाचरात वाकतात, त्यांचा शब्द अखेरचा मानावा. कायमच्या दुकानाबाबत तर कायद्यानेच त्यांच्या हातात हत्यार दिले आहे. पुरेशा मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते आणि आडव्या बाटलीला बहुमत मिळाले की दुकान बंद पडते. महाराष्ट्रात कितीतरी गावांनी ती बाटली आडवी करून दाखवली आहे.

शहरातला माणूस चवीसाठी पैसे मोजायला तयार आहे, याचा रागही नको आणि हावही नको. तो चाखायला आला तर तांदूळ आपला असावा, ताट आपले असावे, नियम आपले असावेत आणि पाण्याचा थेंब न् थेंब हिशेबात असावा. एवढे जमले तर येऊ द्या. नाही जमले तर घाट उतरायला रस्ता मोकळा आहे. येत्या ग्रामसभेत दारूच्या जोडीने पाण्याचाही विषय घ्या, आणि अटींचा कागद आयोजक दारात येण्याआधी तयार ठेवा.